मांजराच्या अंगावरचा डाग: कधी सोडून द्यायचा आणि कधी टोपली उचलायची

२०२२ च्या ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला गुरांमध्ये लम्पी आढळला आणि पुढच्या काही आठवड्यांत अख्ख्या खानदेशात जनावराच्या कातडीवरची प्रत्येक गाठ संशयाने बघितली जाऊ लागली. ती धास्ती अजून पुरती ओसरलेली नाही. मांजराच्या मानेवर शेंगदाण्याएवढा फुगवटा दिसला की आजही पहिला प्रश्न येतो, “लम्पी तर नाही ना?” नाही. लम्पी हा गाई-म्हशींचा आजार. तो मांजराला होत नाही, माणसालाही होत नाही.

दुसरा नेहमीचा प्रश्न पिवळ्या बोक्यांबद्दलचा. त्यांच्या ओठांवर, नाकावर काळे ठिपके उमटतात आणि घरातली माणसं हवालदिल होतात. मी स्वतः एकदा पंधरा दिवस रोज सकाळी ओल्या कापसाने बोक्याचा ओठ पुसत होतो. ठिपका गेला नाही, बोका मात्र मला बघून पलंगाखाली जायला लागला. तिसरा प्रश्न खरं तर प्रश्न म्हणून येतच नाही. पोटावर गोचीड दिसली म्हणून ती उपटायला घेतात, मांजर ओरडतं, रक्त येतं आणि मग कळतं की ते स्तनाग्र होतं. बोक्यालाही स्तनाग्रं असतात, हे पुष्कळांच्या गावीही नसतं.

गंमत बाजूला ठेवली तरी यामागे एक गंभीर गोष्ट आहे. मांजर जागेपणीचा मोठा वेळ अंग चाटण्यात घालवतं. त्यामुळे त्याच्या कातडीला जे लावाल ते थोड्याच वेळात त्याच्या पोटात जातं. शिवाय माणसाचं किंवा कुत्र्याचं यकृत जी काही रसायनं सहज निकामी करतं, ती मांजराच्या यकृताला जमत नाहीत. म्हणून डाग बहुधा साधाच असतो, पण घाईघाईने त्याच्यावर लावलेलं औषध साधं असेलच असं नाही. तेव्हा पुढचं सगळं वाचताना हात बाटलीकडे न्यायच्या आधी डोळ्यांना काम द्या.

आधी नीट बघा

मांजर जेवून सुस्तावलेलं असताना खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बसा. ट्यूबलाइटखाली लालसर आणि तपकिरी यांत फरक कळत नाही. केस उलट्या दिशेने फुंकरून किंवा बोटांनी पांगवून कातडी पाहा. मांजर चावरं असेल तर जाड टॉवेलात गुंडाळा आणि हवा तेवढाच भाग बाहेर ठेवा.

डागाशेजारी एक रुपयाचं नाणं धरून फोटो काढा आणि तारीख लिहून ठेवा. हे फार उपयोगी पडतं. “आधी लहान होतं, आता मोठं वाटतं” यावरून डॉक्टरला काही ठरवता येत नाही. नाण्याशेजारचे दहा दिवसांच्या अंतराचे दोन फोटो मात्र सगळं सांगतात.

मग स्वतःला एवढंच विचारा:

- डाग सपाट आहे, की हाताला लागतो?
- तिथले केस शाबूत आहेत, की गेलेत?
- मांजर तिथे खाजवतं, चावतं, सारखं चाटतं का?
- ओल, पू, वास, खपली यांपैकी काही आहे का?
- मांजर जेवतंय का, नेहमीसारखं हिंडतंय का?

डाग सपाट, केस जागेवर, खाज नाही, ओल नाही आणि मांजर दूध-पोळीवर तुटून पडतंय, तर आज धावपळ करायचं कारण नाही.

हे सोडून द्या

पिवळ्या, तिरंगी किंवा कासवरंगी मांजराच्या ओठांवर, नाकावर, पापण्यांच्या कडेला, हिरड्यांवर येणारे सपाट काळे-तपकिरी ठिपके म्हणजे आपल्या तिळासारखाच प्रकार. वर्षभराच्या वयापासून दिसू लागतात, वयाबरोबर वाढतात, त्यांचं काही करावं लागत नाही. ठिपका उंच झाला, त्यातून रक्त आलं किंवा त्याची कड वेडीवाकडी पसरू लागली, तर मात्र तो तीळ धरायचा नाही.

डोळा आणि कान यांच्यामधली कपाळाची पट्टी बहुतेक मांजरांत विरळ केसांची असते, काळ्या मांजरात ती जास्त उठून दिसते. तो रोग नव्हे. पोटाखाली मागच्या बाजूला लोंबणारी सैल कातडीही स्वाभाविक आहे.

स्तनाग्रं दोन ओळींत, समोरासमोर असतात, बहुधा सहा ते आठ. गोचीड असं ओळीत बसत नाही आणि तिला पाय असतात. शंका आली तर भिंग घ्या, चिमटा नको.

रस्त्यावरच्या मांजराच्या एका कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं दिसलं, तर ती जखम नाही. नसबंदी झाल्याची खूण आहे. त्याला पकडून पुन्हा शस्त्रक्रियेला नेऊ नका.

आणि एक आपल्याकडचा खास प्रकार. रावेर, यावल, चोपडा भागात केळीच्या घडांवर लोळून आलेल्या पांढऱ्या मांजराच्या अंगावर तपकिरी-काळे डाग दिसतात. तो केळीचा चीक. कपड्यावरून निघत नाही तसा केसांवरूनही निघत नाही. केस गळतील तेव्हाच जाईल. रॉकेलने पुसायचा मोह आवरा.

घरी सांभाळता येईल, पण लक्ष ठेवून

*हनुवटीवरचे काळे कण.* मांजराच्या हनुवटीला तेलग्रंथी पुष्कळ असतात. त्या तुंबल्या की मिरपूड सांडल्यासारखे कण दिसतात. प्लास्टिकची वाटी काढून स्टीलची किंवा चिनी मातीची ठेवा, ती रोज घासा, हनुवटी कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापडाने दिवसातून एकदा पुसा. कण नखाने फोडू नका. हनुवटी सुजली, फोड आले, रक्त आलं, तर दवाखाना.

*पिसवा.* आपल्याकडच्या मांजरांच्या खाजेचं सर्वांत साधं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण. पाठीवर, शेपटीच्या मुळाशी, मानेभोवती हात फिरवला की वाळूसारख्या बारीक खपल्या लागतात, केस विरळ होतात. “पिसवा दिसल्या नाहीत” याला अर्थ नाही, मांजर त्या चाटून गिळतं. ओला पांढरा रुमाल पसरा, मांजर त्यावर उभं करून बारीक दातांच्या कंगव्याने विंचरा. पडलेले काळे कण ओल्या रुमालावर लालसर पसरले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. न पसरता तसेच राहिले तर माती.

पिसवा बहुतांशी मांजरावर नसतातच. त्यांची अंडी-अळ्या गोधडीत, सतरंजीत, फरशीच्या सांध्यांत असतात. म्हणून अंथरूण उन्हात टाका, गरम पाण्याने धुवा, कोपरे झाडा. वैशाखातलं आपलं ऊन या कामाला फुकटात मिळतं. मानेवर टाकायचे थेंब मात्र मांजरासाठी असं स्पष्ट लिहिलेले, वजनाप्रमाणे आणि डॉक्टरला विचारूनच घ्या. घरात तीन मांजरं असतील तर तिन्हींना एकाच दिवशी.

*डासांचे चावे.* पावसाळ्यात नाकाच्या पाठीवर आणि कानांवर बारीक फोड, खपल्या येतात. रात्री आठ-दहा दिवस घरात, जाळीच्या आड ठेवलं आणि ते कमी झालं, तर निदान तुमचं तुम्हीच केलंत.

*साधा ओरखडा.* उकळून गार केलेल्या पाव लिटर पाण्यात अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, त्याने पुसायचं, कोरडं करायचं. एवढं पुरतं. मांजर फार चाटत असेल तर जुनी एक्स-रे फिल्म धुऊन, कडांना चिकटपट्टी लावून गळ्याभोवती कॉलर करता येते. कॉलर आणि मान यांच्यात दोन बोटं जायला हवीत.

गजकर्ण: घरातल्या सगळ्यांचं काम

गोल चट्टा, केस तुटलेले, कडेला कोंडा, डोक्यावर, कानामागे किंवा पंज्यावर. खाज असेलच असं नाही. हा गजकर्ण, म्हणजे बुरशीचा संसर्ग, मांजराकडून माणसाला येतो. घरात लहान मूल, म्हातारं माणूस, मधुमेहाचा किंवा कर्करोगाच्या उपचारातला रुग्ण असेल तर याला किरकोळ डाग म्हणू नका.

लांब केसांची पर्शियन पिल्लं आता जळगाव-धुळ्यातही सर्रास विकत घेतली जातात. त्यांच्यात ही बुरशी चट्टा न दिसताही असू शकते. पिल्लू घेतल्यावर आठ-दहा दिवसांत मुलांच्या दंडावर चट्टे उठले की आई मुलाला त्वचारोगतज्ज्ञाकडे नेते आणि पिल्लाला कोणी कुठेच नेत नाही. दोघांना न्या. मुलाच्या डॉक्टरला “घरात नवीन मांजर आहे” हे सांगा. नाहीतर मलम संपेपर्यंत बरं आणि मलम संपलं की पुन्हा, असं चक्र चालू राहतं.

मेडिकलवर न विचारता मिळणारी तिहेरी मलमं, ज्यात बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉईडही असतं, ती मांजराला लावू नका, स्वतःलाही नको. लाली दोन दिवसांत जाते, बुरशी आतून पसरत राहते आणि मग चट्ट्याचं रूपच असं बदलतं की डॉक्टरलाही ओळखू येत नाही.

दवाखान्यात काय होतं ते माहीत असू द्या. निळसर-जांभळ्या दिव्याखाली काही बुरशी हिरवी चमकते. चमकली नाही म्हणजे नाहीच, असं मात्र नाही. केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशी वाढवून बघायची तपासणी असेल तर दोन-तीन आठवडे लागतात. उपचार पोटातून आणि अंगावरून, असे दोन्ही, आणि कित्येक आठवडे चालतात. केस उगवले म्हणून औषध बंद करायचं नाही. डॉक्टर सांगतील तेव्हाच करायचं. मांजर गाभण असेल किंवा पिल्लांना पाजत असेल तर ते आधी सांगा, कारण काही गोळ्या तिला चालत नाहीत.

बुरशीचे बीजाणू गळलेल्या केसांवर महिनोन्‌महिने, अगदी वर्ष-दीड वर्षही टिकतात. तेव्हा मांजराला एका सहज पुसता येणाऱ्या खोलीत ठेवा, केस रोज उचला, अंथरूण वेगळं धुवा. फरशी आधी साबणाने धुवायची, मग पातळ केलेल्या ब्लीचने पुसायची, पूर्ण वाळेपर्यंत मांजर बाहेर. मांजर घराबाहेर सोडून देणं हा उपाय नाही. तो १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे, आणि तुमच्या सतरंजीवरचे बीजाणू त्याने कुठे जात नाहीत.

गजकर्णासारखीच वाटणारी पण वेगळी असते ती लूत. ती कानाच्या कडेपासून सुरू होते, राखाडी जाड पापुद्रे कपाळावर आणि पंज्यांवर चढतात, खाज इतकी की मांजर झोपत नाही. हा सूक्ष्म किड्यांचा प्रकार, घरातल्या सगळ्या मांजरांत पसरतो आणि माणसालाही काही दिवस खाजवतो. उपचार चांगला आहे, लवकर गुण येतो. अडचण अशी की गोठा असलेल्या घरात गुरांचं इंजेक्शन हाताशी असतं आणि “थोडंसं टोचून दे” असं कोणीतरी म्हणतं. त्या एक टक्क्याच्या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम असतात, आणि तीन किलोच्या मांजराला लागतो मिलिलिटरचा अगदी लहानसा अंश. म्हशीच्या सिरिंजवर तो दिसतही नाही. अंदाज चुकला की मांजर लडखडतं, आंधळ्यासारखं चालतं, बेशुद्ध पडतं. पिल्लांत तर हमखास घोळ.

पांढरं मांजर आणि आपलं ऊन

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो याची आपल्याला सवय झाली आहे. पांढऱ्या कानांच्या, गुलाबी नाकाच्या मांजराला ती होत नाही. त्याच्या कानाच्या टोकावर आणि नाकावर केस विरळ, रंगद्रव्य नाही. वर्षानुवर्षं ऊन खाल्लं की आधी कानाची कड लालसर होते, मग कोंडा, मग एक खपली. ही खपली पडते आणि पुन्हा येते. घरचे म्हणतात, बोक्याशी भांडला असेल.

कानाच्या टोकावरची, नाकावरची किंवा पापणीवरची खपली तीन आठवड्यांत बरी झाली नाही, तर ती भांडणाची नव्हे असं धरून चाला. हा कातडीचा कर्करोग असू शकतो. लवकर गेलात तर कानाची कड काढून टाकली की बऱ्याचदा काम संपतं. उशीर केलात तर नाक, डोळा धोक्यात येतो. “कान कापल्यावर कसं दिसेल हो?” असं विचारणारे भेटतात. मांजराकडे आरसा नसतो.

रोखायचं कसं? सकाळी दहा ते संध्याकाळी चार-पाचपर्यंत गच्चीचं दार बंद. खिडकीत बसायची सवय असेल तर पडदा. माणसाचं सनस्क्रीन नको, त्यातला झिंक ऑक्साईड आणि सॅलिसिलेट चाटून पोटात गेले तर विषारी ठरतात.

तापलेल्या पत्र्यावरून उडी मारून आलेल्या मांजराचे तळवे भाजलेले असतात, हेही याच दिवसांतलं. साध्या गार पाण्यात काही मिनिटं पंजा धरा. बर्फ, टूथपेस्ट, तूप नको. फोड आला किंवा कातडी सुटली तर त्याच दिवशी दवाखाना.

भांडणं, गळवं आणि किडे

बोक्यांच्या रात्रीच्या मैफली झाल्या की दोन-चार दिवसांनी गालावर, पायावर किंवा शेपटीच्या मुळाशी सूज येते. दाताचं भोक इतकं बारीक असतं की एका दिवसात वरून बुजतं आणि आत पू साठतो. मांजर हात लावू देत नाही, जेवत नाही, अंग गरम लागतं. मग गळू फुटतं आणि वास सुटतो. ते दाबून पिळू नका, आत आणखी पसरतं. डॉक्टर चीर देऊन पू काढतात, आतून धुतात, अँटिबायोटिक देतात. घरात उरलेल्या माणसांच्या अँटिबायोटिकची अर्धी गोळी हा त्याला पर्याय नाही. नसबंदी केलेला बोका फारच कमी भांडतो. गळवांचा खर्च जोडून पाहिला तर नसबंदी स्वस्तच पडते.

पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की एक-दोन दिवसांत किडे पडतात. केस ओले-चिकट, सडका वास, आणि जवळून पाहिलं तर हालचाल. यात “उद्या जाऊ” नाही. गुरांच्या जखमेत टर्पेंटाइन ओतण्याची किंवा डांबराच्या गोळीची पूड भरण्याची जुनी रीत अनेकांना माहीत असते. मांजराला ती मारक आहे. मिठाच्या पाण्याने धुवा, दिसतील तेवढे किडे चिमट्याने काढा, स्वच्छ कापड गुंडाळा आणि निघा.

हे लावू नका, देऊ नका

यादी मोठी आहे, कारण आपल्या घरातली फळीच मोठी आहे.

- फिनाईल, डेटॉल आणि तसल्या वासाची जंतुनाशकं: त्यातली फिनॉलच्या कुळातली रसायनं मांजराच्या यकृताला पचत नाहीत. फरशी फिनाईलने पुसल्यावरही ती वाळेपर्यंत मांजराला आत घेऊ नका.
- कुत्र्याचे पिसवांचे थेंब: त्यांत परमेथ्रिन असेल तर मांजराला काही तासांत थरथर, मग झटके येतात. चुकून लागलंच तर भांडी घासायच्या सौम्य साबणाने आणि कोमट पाण्याने धुवा, कोरड्या टॉवेलात गुंडाळा आणि औषधाचं खोकं सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील तर कुत्र्याला थेंब टाकल्यावर ते वाळेपर्यंत दोघांना एकत्र झोपू देऊ नका.
- गुरांच्या गोचिडांसाठी पाण्यात मिसळायचं औषध, कपाशीच्या फवारणीतलं उरलेलं काहीही: हे सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं.
- रॉकेल, टर्पेंटाइन, जळकं ऑइल: कातडी भाजते, चाटल्यावर फुप्फुसात जातं.
- कापूर, टी ट्री, निलगिरी, कडुलिंबाचं तेल: “नैसर्गिक” असलं तरी नको.
- लसूण तेलात तळून लावणं: लसूण-कांद्याने मांजराच्या लाल रक्तपेशी फुटतात.
- क्रोसिन किंवा कुठलीही पॅरासिटामॉलची गोळी: एक ५०० मिलिग्रॅमची गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. हिरड्या चॉकलेटी होतात, तोंड-पंजे सुजतात. वेदनाशामक मलमंही याच यादीत.

हळद? चिमूटभर हळदीने मांजर मरत नाही, पण गळू बरंही होत नाही. फक्त पांढरं मांजर पिवळं होतं आणि डॉक्टरला खालचा रंग कळत नाही.

केव्हा जायचं

*आजच:*

- जखमेत किडे, सडका वास, वाहतं रक्त
- तोंड किंवा घसा अचानक सुजणं, श्वासाला त्रास
- कानाच्या आतली कातडी किंवा हिरड्या पिवळ्या दिसणं. कातडीखाली जांभळे बारीक ठिपके
- थरथर, लडखडणं, लाळ गळणं, विशेषतः काही लावल्यानंतर
- डाग कसाही असो, पण मांजराने चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते, मग मूळ दुखणं बाजूलाच राहतं.

*या आठवड्यात:*

- गोल चट्टा, पसरणारी केसगळती, पापुद्रे
- कानात चहाच्या चोथ्यासारखी काळी घाण आणि डोकं झटकणं
- वरच्या ओठावर खोलगट, चकचकीत जखम. दुखत नसली तरी ती बहुधा ॲलर्जीची असते, आणि मूळ कारण अनेकदा पिसवाच.
- स्तनांच्या ओळीत लागणारी कुठलीही गाठ, वाटाण्याएवढी असली तरी. मांजरीच्या स्तनातल्या दहापैकी आठ-नऊ गाठी कर्करोगाच्या निघतात. पहिल्या वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या मांजरीत हा धोका फारच कमी असतो.

*लसीच्या जागेची गाठ:* लस टोचल्यावर छोटा फुगवटा येतो आणि जातो. तो तीन महिन्यांनंतरही राहिला, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा झाला किंवा लसीनंतर महिना उलटूनही वाढतच असला, यातलं एक जरी खरं असेल तर दाखवा.

बाकी सगळं नाण्याच्या फोटोवर सोपवा, दोन आठवड्यांनी पुन्हा बघा.

कुठे जायचं, काय मागायचं

खासगी दवाखाना जवळ असेल तर प्रश्न नाही. नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आणि काही तालुक्यांत लघु सर्वचिकित्सालय असतं. गावातल्या गुरांच्या दवाखान्यांत श्रेणी एक आणि श्रेणी दोन असा फरक आहे: श्रेणी एकला पदवीधर पशुवैद्य असतात, श्रेणी दोन बहुधा पशुधन पर्यवेक्षक सांभाळतात. निघण्याआधी फोन करून “मांजर बघता का, डॉक्टर आहेत का” एवढं विचारा, एक फेरी वाचते. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा निःशुल्क क्रमांक आहे. तो मुख्यतः गुरांसाठी असला तरी जवळचा डॉक्टर कोण, हे विचारायला उपयोगी पडतो. मोठी शस्त्रक्रिया किंवा अवघड गाठ असेल तर रेल्वेच्या वाटेवर अकोल्याची पशुवैद्यक संस्था किंवा मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, हे पर्याय आपल्या डॉक्टरला विचारून ठेवा.

१९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे पशुवैद्यक व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यालाच करता येतो. म्हणून पुढच्या गोष्टी मागायला संकोच करू नका:

- नोंदणी क्रमांक असलेली, औषधाचं नाव आणि मात्रा वाचता येईल अशी लेखी चिठ्ठी. “लाल गोळी, पांढरी गोळी” नव्हे.
- शस्त्रक्रियेआधी अंदाजे खर्च आणि भूल कशी देणार याची माहिती.
- तपासण्यांच्या अहवालांची प्रत. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं तर ती लागते, आणि ते मत घेणं हा तुमचा हक्क आहे.
- काढलेली गाठ. ती कचऱ्यात जाऊ देऊ नका, फॉर्मेलिनमध्ये घालून तपासणीला पाठवायला सांगा. गाठ कसली होती हे न कळता पैसे खर्च करण्यात काही अर्थ नाही.

डॉक्टरला तुमच्याकडूनही काही हवं असतं. मांजराचं वजन (मांजर घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकट्याने, आणि वजाबाकी), नाण्याचे फोटो, घरात इतर जनावरं आणि चट्टे आलेली माणसं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरी काय काय लावलं ते. ओशाळून लपवू नका. फिनाईल लावलं असेल तर फिनाईल लावलं म्हणा. “काही नाही केलं” म्हणणाऱ्या घरातल्या मांजराच्या अंगाला रॉकेलचा वास येतो, आणि डॉक्टर तो रोज घेत असतात.

चाललेल्या धरपकडीत मांजर चावलं किंवा खोल ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी सरकारी रुग्णालयात जा, तिथे ती मोफत मिळते. “घरचंच मांजर आहे” हे कारण पुरेसं नाही, त्याला दरवर्षी रेबीजची लस देत असाल तरी डॉक्टरला विचारूनच ठरवा.

राहिला न्यायचा प्रश्न. मांडीवर घेऊन मोटारसायकलवर नेलेलं मांजर पहिल्या ट्रकच्या हॉर्नला उडी मारतं. पिंजरा नसेल तर केळीच्या एका कॅरेटवर दुसरं उपडं ठेवून बांधा, आत जुनी साडी, वर ओलसर पंचा. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत पोहोचा. घरी आल्यावर हे कॅरेट माळ्यावर टाकू नका. तसंच कोपऱ्यात, एका बाजूने उघडं राहू द्या, अधूनमधून त्यात चार दाणे खाऊ ठेवा. महिन्याभरात मांजर दुपारची झोप तिथेच काढायला लागेल आणि पुढच्या वेळी पलंगाखाली झाडू घालून त्याला हुसकावावं लागणार नाही.